कोंबडीला गूळ

मराठी ताटाला डावं-उजवं आहे, आधी-नंतर नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात मध्ये, आणि सगळं एकदमच समोर येतं. पहिला घास कशाचा घ्यायचा ते जेवणाऱ्यानं ठरवायचं. कोंबडीचं जेवणही याच शिस्तीत बसतं : भाकरी, सुकं, रस्सा, कांदा, लिंबाची फोड. त्यामुळे जेवणाआधी खायचा 'स्टार्टर' नावाचा प्रकार आला, तेव्हा त्याला ताटात जागाच नव्हती. तो आला हॉटेलातून, आणि आमच्या सोलापुरात तर बहुतेक घरांपर्यंत परमिट रूममधूनच पोचला.

पुरुषमंडळी 'जरा जाऊन येतो' म्हणून गेली की मधे ग्लास आणि भोवती चखणा असायचा. खारे शेंगदाणे, उकडलेलं अंडं, आणि खिसा गरम असला तर चिकन सिक्स्टी फाइव्ह नाहीतर लॉलीपॉप. घरातल्या बायकापोरांना यातलं काही मिळालंच तर पार्सल म्हणून, रात्री अकराच्या पुढं, चंदेरी पिशवीत घाम फुटून मऊ पडलेलं. ते कुरकुरीत असतं हे आम्ही ऐकून होतो. या पदार्थांचं कूळही घरगुती नाही. सिक्स्टी फाइव्हचं श्रेय चेन्नईच्या बुहारी हॉटेलला देतात आणि 1965 सालच्या मेन्यूशी त्याचं नातं सांगतात. मंचुरियन 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वँग या आचाऱ्यानं केलं. चीनमध्ये ते कुणी खात नाही. दोन्ही पदार्थ हॉटेलात जन्मले, हॉटेलच्या मोठ्या कढईत आणि हॉटेलच्या तेलात वाढले. घरी करायचे तर एवढं तेल एका वेळेला ओतायचं, मग मांसाहाराच्या वासाचं उरलेलं तेल वेगळ्या बरणीत ठेवायचं आणि त्याचं काय करायचं या विचारात पंधरा दिवस काढायचे. एवढा खटाटोप कुठली गृहिणी करेल?

ती अडचण एअर फ्रायरनं सोडवली. डच अभियंता फ्रेड व्हान डेर वेय यांच्या डोक्यातली ही कल्पना फिलिप्सनं उचलली आणि 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात यंत्र मांडलं. मूळ हेतू बटाट्याच्या काचऱ्यांचा होता. आपल्याकडे ते आधी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत शिरलं आणि मग दिवाळीची भेट म्हणून, लग्नातला आहेर म्हणून, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलांनी आईबापांच्या कोलेस्टेरॉलच्या काळजीनं पाठवलेली वस्तू म्हणून जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड असं करत शहरभर झालं. बऱ्याच घरांत ते खोक्यातच आहे. ज्यांनी बाहेर काढलं, त्यांच्यापुढं पहिला प्रश्न आला तो जागेचा.

आमच्यासारख्या घरांत मटणाचं पातेलं वेगळं, पळी वेगळी. काही घरांत चूलसुद्धा वेगळी, गच्चीवर नाहीतर मागच्या बोळात. हे यंत्र कुठल्या बाजूचं? त्यात पापड भाजले, शेंगदाणे भाजले तोवर ते ओट्यावर होतं. ज्या रविवारी त्यात कोंबडी शिरली, त्या संध्याकाळी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते बाटल्याचं जाहीर केलं आणि त्याची रवानगी वॉशिंग मशीनशेजारी झाली. गंमत म्हणजे ते योग्यच झालं. या यंत्राला चौदा-पंधराशे वॅट लागतात, जाड पिनेचं सॉकेट लागतं, आणि जुन्या बांधणीच्या घरात ते सॉकेट वॉशिंग मशीनपाशीच असतं. शिवाय तिथं खिडकी आहे. पाठीमागून निघणारी गरम वाफ मेच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरात कोंडण्यापेक्षा बाहेर गेलेली बरी. सोलापूरचा मे ज्यानं अनुभवलाय, त्याला यापुढं सांगायला नको.

यंत्रात जादू काही नाही. वर तापणारी तार, तिच्यामागे जोरात फिरणारा पंखा, खाली जाळीची टोपली. छोटी भट्टीच ती. पण तिनं मला तळणाविषयी एक गोष्ट नव्यानं शिकवली. कुरकुरीतपणा तेलातून येतो अशी आपली समजूत असते. खरं तर तो पाणी जाण्यातून येतो. कढईत भजं सोडल्यावर जे बुडबुडे येतात ते भज्यातलं पाणी वाफ होऊन पळत असतं. बुडबुडे थांबले की भजं झालं. तेल फक्त उष्णता पोचवतं. कोरडी गरम हवा तेच काम करते, जरा हळू करते, म्हणून पंखा लागतो. पृष्ठभाग कोरडा झाला आणि दीडशेच्या आसपास तापला, की प्रथिनं आणि साखर यांचं एकमेकांशी जमतं आणि तो खरपूस तांबूस रंग, तो वास येतो. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं 1912 साली ही प्रक्रिया मांडली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. ओलं मांस शंभर अंशांच्या वर जातच नाही, त्यामुळे ते फक्त उकडतं. म्हणून कोंबडीचे तुकडे टोपलीत ठेवण्याआधी कापडानं टिपून कोरडे करायचे. सगळ्या कृतीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक तीच गाळतात.

पाणी घालवून कुरकुरीत करण्याची विद्या सोलापूरला कुणी नव्यानं शिकवायला नको. कडक भाकरी दुसरं काय आहे? ज्वारीचं पीठ, मीठ, वरून तीळ. अगदी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर तिच्यातला ओलावा पुरता जाईपर्यंत ठेवायची. तेलाचा थेंब नाही, आणि मोडली की पापडासारखा आवाज. आठवडेच्या आठवडे टिकते. गाड्या भरून पुण्या-मुंबईला जाते, तिथून परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगेत जाते. कोरडवाहू मुलखाचं हे अन्न आहे. पाऊस कमी, जमीन काळी, ओल धरून ठेवणारी, आणि त्या ओलीवर थंडीत उभी राहणारी मालदांडी. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडे तेल जपून वापरायची सवय डॉक्टरांनी लावलेली नाही.

तेव्हा एअर फ्रायरच्या पुस्तिकेत जिथं 'ब्रेडक्रम्स' लिहिलंय, तिथं मी कडक भाकरीचा चुरा घालते. बिनहाडाचे मांडीचे तुकडे घ्यायचे. छातीचे नकोत, ते वाळून चामडं होतात. घट्ट दही, आलं-लसूण, हळद, मीठ आणि चमचाभर काळं तिखट लावून तासभर ठेवायचे. दही पाणीदार असेल तर फडक्यात बांधून निथळून घ्या. भाकरी हातानंच चुरायची, मिक्सरमध्ये तिचं पुन्हा पीठ करून ठेवू नये. तुकडा चुऱ्यात दाबून घोळवायचा आणि वरून शेंगदाण्याच्या तेलाचं बोट फिरवायचं. ते बोटभर तेल लागतंच. नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं कोरडा चुरा उडून वरच्या तारेवर बसतो आणि घरभर जळका वास येतो. कढीपत्त्याचंही तेच. हौसेनं वर ठेवला तर तो पक्ष्यासारखा आत भिरभिरतो. टोपलीत एकच थर, तुकड्यांमध्ये वाऱ्याला जायला वाट. एकशे ऐंशी अंशांवर सहा मिनिटं, उलटून आणखी सहा, मग दोनशेवर दोन-तीन. सगळ्यात जाड तुकडा मोडून बघायचा. आत गुलाबी दिसता कामा नये. तापमापी असेल तर आत चौऱ्याहत्तर अंश भरले पाहिजेत. बाहेर काढून गरम असतानाच वरून शेंगाचटणी भुरभुरायची. ती आधी लावली तर शेंगदाणा करपून कडू होतो. आमची चटणी उखळात कुटलेली असते, इतकी की शेंगांचं तेल सुटून ती मुठीत वळते. गरम तुकड्यावर पडल्यावर ते तेल पुन्हा सुटतं, आणि मग वेगळं तेल फारसं घातलं नाही याची आठवण कुणाला राहत नाही.

हा झाला तिखट-खारा प्रकार. तो घरात विनातक्रार पास झाला. भांडण झालं ते गोडावरून.

पुस्तिकेत मध होता, सोया सॉस होता, कुठं अननसाचा रस. मी मधाऐवजी गूळ घेतला. चिंचेचा कोळ, गूळ, लाल तिखट, सुंठेची पूड आणि मीठ एकत्र आटवून बोटाला तार येईल असा दाट पाक करायचा. पंखांचे तुकडे नुसते मीठ-हळद लावून वीसेक मिनिटं भाजून घ्यायचे. ते पुरते कुरकुरीत झाले की पाक चोपडायचा आणि शेवटची तीन मिनिटं पुन्हा आत. गूळ सुरुवातीपासून लावला तर कोंबडी कच्ची राहते आणि बाहेरून कोळसा होतो, कारण साखर मांसाच्या कितीतरी आधी जळते. टोपली लगेच गरम पाण्यात भिजत टाकायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी गुळाशी कुस्ती.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ''काय करायलालीस गं?''

''पंखांना पाक लावतेय, आत्याबाई.''

''कोंबडीला गूळ? मग उद्या पुरणात काळं तिखट घाल.''

त्यांचा आक्षेप चवीचा आहे असं मला आधी वाटलं होतं. तसा असता तर तो टिकला नसता, कारण चिंच-गूळ आमच्या आमटीत रोज असतो, आंबटगोड वांगं असतं. आखाड तळायला घेतला की एका ताटात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेजारी गुळाच्या कापण्या असतात, आणि पोरं एक घास हिचा, एक तिचा असंच खातात. गोड आणि तिखट एकत्र चालतं. आक्षेप खोलवरचा होता. गूळ नैवेद्याच्या बाजूचा, मांस पलीकडच्या बाजूचं. संक्रांतीला तीळगूळ, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत घरोघरी येणारी रेवडी, होळीची पोळी, हे सगळं गुळाचं राज्य आहे, आणि त्याची सीमा पातेल्या-पळीइतकीच कडक पाळलेली. आखाडाचंच बघा. महिना एकच. त्यातच अख्खा महाराष्ट्र आमच्या जिल्ह्यात पंढरपूरला चालत येतो, आणि त्यातच एकादशी उलटली की श्रावणाच्या आत जेवढी कोंबडी-मटणं उरकता येतील तेवढी उरकायची असतात. दोन्ही एकाच घरात होतं, पण एका भांड्यात होत नाही. बाटलेल्या टोपलीत मी गूळ नेला, ही खरी कुरापत होती.

जग मात्र या सीमेपलीकडे फार पूर्वीपासून जेवतंय. मुंबईचे पारशी जर्दाळू घालून कोंबडी करतात. इराणात फेसेंजान नावाचा प्रकार आहे. त्यात बदक नाहीतर कोंबडी दळलेल्या अक्रोडात आणि डाळिंबाच्या आटवलेल्या रसात शिजवतात. हे वाचलं आणि मला हसूच आलं. डाळिंब कुणाला सांगताय? सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या माळरानांवर डाळिंबानं घरं उभी केली आणि तेल्या रोगानं काही मोडलीही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 सालापासून आमच्या केगावला आहे. सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहे. आणि अक्रोड नसला तरी तेल सुटणारा दाणा म्हणून शेंगदाणा पोत्यानं आहे. म्हणजे इराणी बाईच्या हाताशी जे होतं, तेच दुसऱ्या नावानं आमच्या हाताशी होतं, फक्त आम्ही दोन्ही एकत्र आणून कोंबडीवर कधी घातलं नाही. तेव्हा चिंचेच्या जागी डाळिंबाचा रस आटवून पाहिला. भगवा जातीच्या डाळिंबाचा रस गोड जास्त, म्हणून लिंबू पिळावं लागतं, गूळ अर्धाच पुरतो. रंग असा येतो की हॉटेलातला लाल रंग फिका पडावा. वर भरड शेंगदाणा. माझं स्पष्ट मत सांगते : चिंच-गूळ चांगला, पण डाळिंब त्याच्या वर आहे. पाहुणे येणार असतील तर डाळिंबच करावं.

आमच्या मागल्या दाराच्या अक्का तेलुगू. त्यांच्या घरात आंबटाचा अधिकार मोठा. त्यांनी चाखून ''गूळ कमी कर, चिंच वाढव'' असा निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः करून वाटी पाठवली, त्यात गूळ जवळजवळ नव्हताच. आमच्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार जिभा एका गल्लीत राहतात, त्यामुळे कुठलीही पाककृती एका घरातून दुसऱ्या घरात जाताना बदलते. त्याला इलाज नाही आणि नसावा.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हे सगळं ब्रॉयलरवरच चालतं. पाच-सहा आठवड्यांत वाढलेली ती मऊ कोंबडी, जिला चावायला काही नसतं आणि स्वतःची चवही बेताचीच असते. महाराष्ट्रात ती घरोघर पोचली त्याचं बरंचसं श्रेय डॉ. बी. व्ही. राव यांना जातं. 1971 साली त्यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली आणि पुण्यातून हा धंदा देशभर वाढला. त्याआधी कोंबडी म्हणजे गावरान, आणि गावरान म्हणजे पाहुणा आला, जत्रा आली, बाळंतीण आली तरच. ती अंगणात पळून पळून दोरखंड झालेली असते. तिला पातेलं, पाणी, झाकण आणि सबुरी लागते. तिला या यंत्रात घातलं तर दात पडतील. तिचा रस्सा करावा, त्यात काळं तिखट सढळ असावं आणि त्याच्या आसपास गूळ फिरकू देऊ नये. इथं आत्याबाईंशी माझं पूर्ण एकमत आहे. मऊ, बिनचवीच्या मांसालाच बाहेरून चव लावावी लागते. सिक्स्टी फाइव्ह, मंचुरियन, लॉलीपॉप, सगळा स्टार्टरांचा संसार ब्रॉयलरच्या फिकेपणावर उभा आहे.

भाजून खाण्याची हौस काही नवी नाही म्हणा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर, ज्याच्या घराण्याच्या सत्तेखाली आमचा हा मुलूखही होता, त्यानं 1129 च्या सुमारास पुरी केलेल्या मानसोल्लासात निखाऱ्यावर मांस भाजायच्या तऱ्हा नोंदवून ठेवल्या आहेत. बसवकल्याण सोलापुराहून काही फार लांब नाही. राजाच्या भाजण्याला मात्र माणसं राबत होती. आमच्याकडे एक टोपली आणि एक घंटी आहे.

त्या टोपलीबद्दल सगळेजण एकच तक्रार करतात : लहान आहे. चार-साडेचार लिटरच्या टोपलीत एका थरात अर्धा किलोच्या आतच तुकडे मावतात. पाच-सहा माणसांच्या घरात एका घाण्यात भागत नाही. मीही आधी हीच तक्रार केली. आता मला तो तिचा गुण वाटतो. आमच्याकडे कोंबडीच्या जेवणाची एक ठरलेली उतरंड होती. आधी पाहुणे आणि पुरुष, त्यांच्या ताटात तंगडी, मग पोरं, आणि करणाऱ्या बायका शेवटी. त्यांच्या वाट्याला मान, पाठीचं हाड, पातेल्याच्या तळाचा रस्सा आणि 'तुम्ही घेतलं का?' हा प्रश्न. पातेलं एकदम शिजतं आणि एकदम वाढलं जातं, म्हणून ही उतरंड चालते. जिच्या हातात पळी ती शेवटी जेवते.

घाण्याघाण्यानं निघणाऱ्या तुकड्यांना हे जमत नाही. ते निघाल्या निघाल्या खायचे असतात, दहा मिनिटं झाकून ठेवले की पुन्हा पार्सलातल्यासारखे मऊ. मग घंटी वाजते आणि जो जवळ असेल तो खातो. जवळ असते ती करणारी. पहिला घाणा चाखण्याच्या नावाखाली तिथंच, वॉशिंग मशीनपाशी, उभ्यानं संपतो. धाकटी जाऊ येते, मुलगी येते, भांडी घासायला येणाऱ्या मावशी येतात, फुंकर मारत बोटं चाटतात. टीव्हीसमोरून हाक येते, ''झालं का गं?'' ''होतंय, होतंय'', दुसरा घाणा आत. ज्या पदार्थावर वर्षानुवर्षं परमिट रूमचा हक्क होता आणि जो आमच्यापर्यंत गार होऊन यायचा, तो आता सगळ्यांत आधी आम्हाला मिळतो आणि पुरुषांना दुसऱ्या घाण्यापर्यंत थांबावं लागतं. तेलाची बचत होते ती होते, विजेचा खर्च एका घाण्याला अर्ध्या युनिटच्या आसपास. पण मला विचाराल तर या यंत्रानं केलेलं मोठं काम हे आहे, आणि ते त्याच्या खोक्यावर छापलेलं नाही.

आत्याबाई गुळाचं अजून खात नाहीत. शेंगाचटणीचे मात्र दोन तुकडे त्या उभ्या उभ्याच उचलतात, ताटाची वाट न बघता, आणि तेही पहिल्या घाण्यातले.

येत्या आखाडात करून बघा. तुकडे नीट टिपून घ्या, गूळ शेवटी लावा, आणि पहिला घाणा निघाल्यावर लगेच कुणाला हाक मारू नका.